उन्हातली चाळिशी: लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारा नंबरचा गॉगल निवडताना

मी कृषी खात्यात आहे. राहते सोलापूर शहरात, पण दिवस जातो दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या बांधांवर. फिरणं स्कूटरवरून. लांबचा नंबर कॉलेजपासून होताच, पंचेचाळिशीत जवळचाही लागला. घरात आणि कार्यालयात प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या चष्म्यावर निभावलं. अडलं ते उन्हात.

एका एप्रिलमध्ये डाळिंबाच्या बागेत एका आजोबांनी औषधाची बाटली पुढे केली. म्हणाले, "मॅडम, पंपाला किती मिली टाकायचं, तेवढं वाचून सांगा की." माझ्या डोळ्यांवर तेव्हा फक्त लांबच्या नंबरचा गॉगल होता. अक्षरं लागेनात. गॉगल काढला तर उजेडाने डोळे उघडेनात. वाचायचा चष्मा स्कूटरच्या डिकीत आणि स्कूटर बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. औषधाचा आकडा अंदाजाने सांगायचा नसतो, म्हणून चालत जाऊन चष्मा आणला. त्याच आठवड्यात प्रोग्रेसिव्ह काचांचा गॉगल करायला टाकला. तो पहिला गॉगल साफ चुकला आणि पैसे वाया गेले. दुसरा नीट जमला, आज तोच वापरते. या दोन गॉगलांच्या मधे जे कळलं ते पुढे क्रमाने लिहिते आहे. शेतात, बाजार समितीत, बांधकामावर किंवा रस्त्यावर ज्यांचा दिवस जातो त्यांचे पैसे आणि डोळे दोन्ही वाचावेत, एवढ्यासाठी.

दुकानात जाण्याआधी कागद घ्या

दुकानात पाय ठेवला की समोर फ्रेमी मांडल्या जातात आणि बोलणं रंगावर जातं. म्हणून घरीच एक यादी करा: उन्हात असताना मी काय काय बघते, आणि ते डोळ्यांपासून किती लांब असतं?

माझी यादी अशी होती. समोरचा रस्ता आणि गाड्या, म्हणजे लांबचं. स्कूटरचा मीटर, साधारण ७० सेंटिमीटर. मोबाइल आणि औषधाचं लेबल, ३५ ते ४० सेंटिमीटर. झाडाचं पान हातात धरलं तरी तेवढंच. आणि पायाखालची जमीन, साधारण दीड मीटर. हे शेवटचं मी पहिल्या वेळी लिहिलंच नव्हतं आणि गॉगल चुकला त्याचं एक कारण हेच. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरांसाठी केलेला असतो. मान न वाकवता नुसती नजर खाली टाकली तर त्याच भागातून दीड मीटरवरची जमीन दिसते आणि ती धूसर दिसते. शेततळ्याच्या कडेची पायरी मला आहे त्यापेक्षा जवळ वाटली आणि पाय मुरगळला.

यादीसमोर वेळही लिहा. दिवसाकाठी गाडीवर दोन तास, चालणं तीन तास आणि वाचणं सगळं मिळून वीस मिनिटं असेल, तर गॉगल चालण्यासाठी आणि गाडीसाठी करायचा, वाचन त्यात बसवून घ्यायचं. दिशाही लिहा. सोलापूरहून अक्कलकोट आग्नेयेकडे आहे. सकाळी जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी परततानाही तोंडावरच. रोज असा प्रवास करणाऱ्याला जी काच लागते ती दुपारी बाजारात उभं राहणाऱ्याला लागेलच असं नाही.

नंबर ताजा हवा

जुन्या चिठ्ठीवर गॉगल करू नका. जवळचा नंबर चाळिशीपासून साठीपर्यंत हळूहळू वाढत जातो. पंचेचाळीसच्या आसपास लांबच्या नंबरात साधारण अधिक १ मिळवावा लागतो, साठीपर्यंत तो अडीचच्या घरात जातो. चिठ्ठीवर हा आकडा ‘अ‍ॅड’ या शब्दापुढे असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदूही बघून घ्या. उन्हात किंवा समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपत असतील, तर कारण मोतीबिंदू असू शकतं आणि गडद काचेने ते झाकलं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गॉगल त्यानंतरच करा, कारण नंबर पूर्ण बदलतो.

एक गोष्ट मला डॉक्टरांनी समजावली आणि बऱ्याच दिवसांचं कोडं सुटलं. कडक उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं-लांबचं थोडं जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून उघड्या डोळ्यांनी उन्हात छोटी अक्षरंसुद्धा बऱ्यापैकी वाचता येतात. गडद काच लावली की बाहुली पुन्हा मोठी होते आणि ही सवलत जाते. म्हणून ‘बिनगॉगलचं वाचता येतं, गॉगल लावल्यावर येत नाही’ असं पुष्कळांना वाटतं. ते खरंच तसं असतं. सुरुवातीचाच जवळचा नंबर असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं: घरात चाळिशीवाचून चालत असलं तरी गडद काचेआड ती लागू शकते.

काच कोणती: एकेरी, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह

सगळ्यात जास्त विचार इथे करा. प्रोग्रेसिव्ह महाग म्हणजे चांगली, असं समजून पुढे जाऊ नका.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मधे हळूहळू बदलत जाणारी चिंचोळी वाट असते. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, धूसर भाग असतोच. चांगल्या बनावटीत तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही. गाडीवर आरसा बघताना नुसती नजर वळवली तर तो भाग आड येतो, मान वळवावी लागते. पण मीटर, मोबाइल आणि रस्ता, तिन्ही एकाच काचेत मिळतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

बायफोकल म्हणजे वर लांबचं आणि खाली वाचायची खिडकी. वरची कड सपाट असलेली डी आकाराची खिडकी आपल्याकडे सहज मिळते. मधलं अंतर यात नीट मिळत नाही आणि रेषेवर चित्र उडी मारतं. तरी बाहेरच्या कामाला बायफोकल मला पुष्कळदा प्रोग्रेसिव्हपेक्षा बरी वाटते, कारण खिडकीच्या बाहेर सगळीकडे लांबचं स्वच्छ दिसतं. खिडकीची वरची कड नेहमी खालच्या पापणीच्या रेषेत घेतात. चालण्याचं काम जास्त असेल तर ती दोनेक मिलिमीटर खाली घ्यायला सांगा. जमीन मोकळी दिसते आणि वाचताना हनुवटी किंचित उचलली की काम होतं.

तिसरा मार्ग म्हणजे लांबच्या नंबरचा एकेरी गॉगल आणि वाचायचा चष्मा गळ्यात दोरीला. तो कमी समजू नका. ऑस्ट्रेलियात ज्येष्ठांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नेहमी मल्टिफोकल, म्हणजे बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, वापरणाऱ्यांना घराबाहेर वावरण्यासाठी लांबच्या नंबरचा एकेरी चष्मा दिला गेला. जे खूप बाहेर फिरत होते त्यांचं पडणं बरंच कमी झालं. पण जे क्वचितच घराबाहेर जात त्यांचं बाहेर असताना तोल जाऊन पडण्याचं प्रमाण उलट वाढलं. म्हणून माझ्या वडिलांना, जे रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे तासभर चालतात, मी एकेरी काचेचाच गॉगल करून दिला. आठवड्यातून एकदा देवळात जाणाऱ्या आजीचा सवयीचा चष्मा मात्र बदलू नका. तिला त्यावरच घालता येणारा मोठा गॉगल घेऊन द्या.

मी स्वतः प्रोग्रेसिव्ह ठेवली, कारण माझ्या कामात मीटर, मोबाइल आणि पान असं दर पाच मिनिटांनी अंतर बदलतं. यादी नीट केली असेल तर तुमचं उत्तर तिच्यातूनच येईल.

फ्रेम: इथे माझे पैसे गेले

पहिल्या वेळी मी कानापर्यंत वळणारी, चेहऱ्याला लपेटून बसणारी फ्रेम घेतली. धूळ आणि वारा अडेल, हा विचार. तशा फ्रेमीची काच जास्त गोलाईची असते आणि डोळ्यांसमोर तिरपी बसते. त्यात साध्या चष्म्याचा नंबर जसाच्या तसा बसवला तर कडेने जमीन वाकडी आणि तरंगती दिसते. लपेटणारी फ्रेम हवीच असेल तर तिच्या वळणाचा कोन मोजून नंबर दुरुस्त करून बनवलेली काच घ्यावी लागते. ती महाग पडते आणि नंबर जास्त असेल तर जमतही नाही. दुकानदार हे स्वतःहून सांगेलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता माझी फ्रेम जवळजवळ सपाट, पण काचा मोठ्या आणि काड्या रुंद आहेत. कडेचं ऊन काडीच अडवते. प्रोग्रेसिव्ह काचेला उंची लागते: काच वरून खाली किमान ३० मिलिमीटर असावी, आणि बाहुलीच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत निदान १८ मिलिमीटर जागा राहावी. त्याहून कमी जागेत बसणाऱ्या आखूड वाटेच्या काचा मिळतात, पण त्यात नंबर झटपट बदलतो आणि मधलं अंतर, म्हणजे आपला मीटर, चिंचोळा होतो. बाहेरच्या कामाला लांब वाट बरी.

फ्रेम निवडताना हेल्मेट बरोबर न्या. दुकानदाराला नवल वाटलं तरी चालेल. हेल्मेट घातल्यावर काडी दाबून फ्रेम वर उचलली जाते का, ते बघा. फ्रेम २ मिलिमीटर वर सरकली की वाचायचा भाग रस्त्याच्या आड येतो. तोंडाला स्कार्फ बांधत असाल तर तो बांधूनच फ्रेम घालून बघा. श्वास वर येऊन काच धुरकट होत असेल तर फ्रेम गालाला टेकते आहे. नाकावरचे पॅड हलवता येणारे असतील तर त्यातून वाट काढता येते. घामाने घसरणाऱ्या फ्रेमला रबरी पॅड घ्या. मे महिन्यात ४२-४३ अंशांत घसरणारा गॉगल दिवसभर बोटाने वर ढकलत बसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी नंबरची जागा बदलते.

माप

मापाबद्दल थोडक्यात, पण हट्टाने. दोन्ही बाहुल्यांचं अंतर नाकापासून वेगवेगळं मोजायचं, उजवं वेगळं, डावं वेगळं. बहुतेकांचं नाक मधोमध नसतं. उंची मोजायची ती निवडलेली फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवून, वाकवून, घट्ट करून. मग तुम्ही नेहमीसारखं उभं राहायचं, समोर लांब बघायचं, आणि मोजणाऱ्याने त्याच उंचीवरून काचेवर पेनाने ठिपका द्यायचा. जुन्या चष्म्याचं माप काढून ठेवलंय, तेच टाकतो, असं म्हणाले तर नको म्हणा. गॉगलची फ्रेम वेगळी, तिचं नाकावर बसणं वेगळं, म्हणजे मापही वेगळं. चष्म्याला मोजायचं आणि गॉगलला नाही, असा भेद नसतो. नंबर आला की गॉगल चष्माच झाला.

रंग आणि गडदपणा

अतिनील किरण डोळ्यांना घातक असतात. मोतीबिंदूला आणि पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल वाढीला त्यांचा हातभार लागतो. पण ते अडवण्याचं काम गडद रंग करत नाही. ते काचेच्या पदार्थाचं आणि तिच्यातल्या खास द्रव्याचं काम आहे. अगदी पारदर्शक काचही ते पूर्ण अडवू शकते. उलट गडद पण बिनसंरक्षणाची काच वाईट, कारण बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. बिलावर ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहून घ्या. दुकानात निळ्या पेनचा प्रकाश काचेवर टाकून दाखवतात, त्यावर जाऊ नका. तो दिसणारा जांभळट-निळा प्रकाश असतो, अतिनील नव्हे. यूव्ही मोजायचं वेगळं यंत्र असतं, ते असेल तर त्यावर बघा.

गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी आहेत. श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. आपल्या उन्हाला तीच योग्य. श्रेणी ४ त्याहून काळी, पण ती घालून गाडी चालवायची नसते. नंबरच्या काचेला दुकानात टक्क्यांत रंग सांगतात. ८५ टक्के टिंट म्हणजे १५ टक्के उजेड आत, हे एकदा बोलून पक्कं करून घ्या. संध्याकाळी दिवे लागायच्या आत गॉगल उतरला पाहिजे, त्यामुळे साधा चष्मा बरोबर हवाच.

रंग मी करडा घेतला आणि त्यामागे कामाचं कारण आहे. कीटकनाशकाच्या लेबलवर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तपकिरी काचेतून निळा आणि हिरवा पटकन वेगळे कळत नाहीत. पानाचा पिवळेपणाही तपकिरी काच खोटा दाखवते. करड्या काचेत सगळं काळवंडतं, पण रंग रंगच राहतात. ज्याचं काम फक्त गाडी चालवण्याचं आहे त्याला तपकिरी काच आवडेल. खड्डे, चढ-उतार तिच्यातून जास्त उठून दिसतात. निळ्या-जांभळ्या फॅशनच्या काचा रस्त्यावर नकोत.

वरून गडद आणि खाली फिकी होत जाणारी काच मल्टिफोकलला चांगली जुळते, कारण वाचायचा भाग खालीच असतो. पण तळ्यावर, वाळूवर किंवा सिमेंटच्या अंगणात ज्यांचा दिवस जातो त्यांना उजेड खालूनही येतो. त्यांनी सारखा रंग घ्यावा.

पोलराइज्ड काच आडव्या पृष्ठभागावरून उसळणारी चकाकी मारते. ओला डांबरी रस्ता, पुढच्या गाडीची मागची काच, शेततळ्याचं पाणी यांवर तिचा फरक लगेच कळतो. तिचा त्रास मला पहिल्या गॉगलने दाखवला: मोबाइल आडवा धरला की पडदा काळा. शेताचे फोटो आडवे काढावे लागतात. दुकानातच आपला मोबाइल उभा-आडवा धरून आणि बाहेर येऊन गाडीचा डिजिटल मीटर बघून मग ठरवा. मी आता साधा टिंट वापरते. अक्कलकोट रस्त्यावर रोज कार चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला पोलराइज्डशिवाय चालत नाही. दोन्ही बरोबर आहेत.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा, म्हणजे फोटोक्रोमिक, सोलापुरात गॉगल म्हणून घेऊ नका. त्यांचं रसायन उष्णतेत कमी गडद होतं. नेमक्या मे महिन्यात, जेव्हा गरज सगळ्यात जास्त, तेव्हा त्या कमी काळ्या होतात. कारच्या पुढच्या काचेमागे तर अतिनील किरण पोचतच नाहीत, म्हणून त्या जवळजवळ पांढऱ्याच राहतात. हेल्मेटच्या काचेमागेही पुष्कळदा तेच होतं. घर-ऑफिस-बाजार अशा जाण्या-येण्याला त्या सोयीच्या, एवढंच.

पदार्थ आणि लेप

दुचाकीवर असाल किंवा शेतात काम करत असाल तर पॉलीकार्बोनेट घ्या. खडा उडाला तरी ती सहसा फुटत नाही आणि अतिनील किरणही तिचा पदार्थच अडवतो. तिला रंग चढवणं साध्या प्लास्टिकच्या काचेपेक्षा अवघड असतं, म्हणून रंग आधी विचारून घ्या. खरी काच, म्हणजे वजनदार काच, डोळ्यांपुढे नको. ओरखडे रोखणारा लेप हवाच. चकाकी रोखणारा लेप काचेच्या आतल्या बाजूने घ्या. ऊन पाठीमागे असलं की आतल्या बाजूवर आपल्याच डोळ्याचं प्रतिबिंब दिसतं, ते त्याने जातं. आरशासारखा रंगीत लेप शोभेचा आहे आणि आपल्या धुळीत लवकर खरचटतो. फवारणी करताना हा गॉगल पुरेसा नाही. त्यासाठी चारही बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा वेगळा घालायचा.

ताब्यात घेताना

प्रोग्रेसिव्ह काचेवर बनवणाऱ्याच्या दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काच उजेडाकडे तिरपी धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबरचा आकडा असतो. तो चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळवा. काचेवरच्या रंगीत खुणा पुसायच्या आधी गॉगल घालून आरशासमोर उभं राहा: अधिकची खूण बाहुलीच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. मग दुकानाबाहेर, खऱ्या उन्हात या. समोरची पाटी, हातातला मोबाइल, स्वतःची पावलं, तिन्ही बघा. नवी पेठेत दुपारी हे करायला दोन मिनिटं लागतात. काही खटकलं तर तिथेच सांगा.

सवयीला आठवडा ते पंधरा दिवस द्या. पहिले दोन-तीन दिवस गाडी चालवू नका, आधी ओळखीच्या सपाट रस्त्यावर चाला. पायऱ्या उतरताना हनुवटी छातीकडे झुकवा, म्हणजे वरच्या भागातून पायरी दिसते. पंधरा दिवसांनंतरही गरगरत असेल, मान दुखत असेल, तर ‘होईल सवय’ या शब्दावर परत येऊ नका. माप पुन्हा घ्यायला लावा. माझ्या पहिल्या गॉगलच्या वेळी मी महिनाभर सवयीची वाट बघितली, आणि तोवर बदलून देण्याची मुदत संपली होती.

राहिली निगा. धूळ बसलेली काच ओढणीने किंवा उपरण्याने कोरडी पुसू नका. आधी पाण्याने धुवा, मग मऊ कापड. कारच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत गॉगल उन्हात ठेवू नका. तापलेलं प्लास्टिक फुगतं, वरचा लेप तेवढा ताणला जात नाही आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या दुरुस्त होत नाहीत. पाण्याची बाटली जशी खांद्याच्या पिशवीत असते तशीच आता गॉगलची टणक डबीही माझ्या पिशवीत असते, आणि शेजारच्या कप्प्यात संध्याकाळचा साधा चष्मा.